जालन्याची बॅच

पद्माकर नगरकर नेमकं काय काम करतो असं कुणी विचारलं, की त्याची बायको नीता म्हणायची, "जहाजाचं काहीतरी." पुण्यातल्या नातेवाइकांना एवढं पुरायचं. जहाज म्हटलं की लोकांना पांढरा गणवेश दिसतो आणि पुढचे प्रश्न थांबतात. प्रत्यक्षात सिंगापुरात येऊन सतरा वर्षं झाली तरी पद्माकरने मालवाहू जहाजावर एकदाही पाऊल ठेवलेलं नव्हतं. तांजोंग पगारमधल्या एका इमारतीच्या अकराव्या मजल्यावर बसून तो कागद तपासायचा. कंटेनरमध्ये माल कोणता, वजन किती, निघाला कुठून, चालला कुणाच्या नावे, हे चार-पाच वेगवेगळ्या कागदांवर लिहिलेलं असतं. ते कागद एकमेकांशी जुळतात की नाही हे बघायचं. एक जरी चुकीचा सुटला तरी कंटेनर बंदरात अडकतो, आणि वजन खोटं असेल तर जहाजालाच धोका. पद्माकर आधी कागद नुसता न्याहाळायचा, वाचायचा नंतर. "इथे कुठेतरी पाणी मुरतंय," असं तो म्हणाला की ते मुरत असायचंच. ऑफिसातली चिनी मुलंही त्याचा हा शब्द ऐकून बसलेल्या जागी सावध व्हायची, अर्थ कळत नसला तरी.

असा हा माणूस. हुशार, जरा तिरसट, आणि वाईट काम बघितलं की पित्त खवळणारा. असल्या माणसांचं जगात काय होतं ते आपल्याला ठाऊक आहे, पण दर वेळी नव्याने राग येतो.

फेब्रुवारीत रुचिरने त्याला काचेच्या खोलीत बोलावलं. रुचिर त्याचा साहेब. अडतीस वर्षांचा, मूळचा पार्ल्याचा, मनाने वाईट नाही. पण बोलायला लागला की माणूस बोलतोय की स्लाइड, ते कळायचं नाही. तो म्हणाला की कंपनी कागद तपासण्याचं सगळं काम जालन्याला हलवते आहे. तिथल्या एका कॉलेजबरोबर कौशल्य केंद्र उघडलंय. जिल्ह्यातल्या गरीब घरांतली, पदवी हातात असून काम नसलेली अठरा मुलं-मुली निवडली आहेत. चार महिने प्रशिक्षण, जूनच्या मध्यावर परीक्षा, पास झाले की पक्की नोकरी. मुंबई-पुण्याला न जाता जिल्ह्यातच रोजगार, असं म्हणताना रुचिरचा चेहरा खरोखर उजळला होता. आणि शिकवणार कोण, तर पद्माकर.

मग त्याने उरलेलं सांगितलं. बॅच पास झाली की आठ आठवड्यांत सिंगापूरचा विभाग बंद. बॅच नापास झाली तर ती मुलं घरी, नवी बॅच, पुन्हा चार महिने.

पद्माकरला हिशोब मांडायला कागद लागला नाही. मुलं पास झाली तर त्याची नोकरी ऑगस्टमध्ये जाणार. नापास झाली तर डिसेंबरपर्यंत टिकणार. आणि त्याची एकुलती एक मुलगी अनुया या वर्षी ओ-लेव्हलला, म्हणजे तिथल्या दहावीला होती. तिची परीक्षा ऑक्टोबर-नोव्हेंबरात. नोकरी गेली की कामाचा पास, म्हणजे तिथे राहायचा परवाना, रद्द, आणि तीस दिवसांत गाशा गुंडाळायचा. नीताचा आणि अनुयाचा पास त्याच्याच पासला लटकलेला. पीआरसाठी, म्हणजे कायमच्या वास्तव्यासाठी, त्याने तीनदा अर्ज केला होता. तिन्ही वेळा नकार आला, आणि कारण एकदाही आलं नाही. सोळा वर्षांची पोर, जिने सेंगकांगच्या त्या दहाव्या मजल्याव्यतिरिक्त दुसरं घर पाहिलेलं नाही, तिला परीक्षेच्या दोन महिने आधी घराबाहेर काढायचं का, एवढाच प्रश्न होता. आपल्या पायावर धोंडा पाडून घ्या, आणि तो नीट कसा उचलायचा ते आधी इतरांना शिकवा, असं हे काम होतं.

रुचिर म्हणाला, तुम्हीही नवीन कौशल्यं शिकून घ्या, इथे तर सरकार केवढ्या सवलती देतं. पद्माकर खरंच गेला. सेरंगूनच्या मॉलमध्ये अभ्यासक्रमांचा मेळावा होता. टेबलामागच्या तरुण मुलीने हसून स्वागत केलं, त्याचा पास पाहिला, आणि तितकंच हसून सांगितलं की सवलत नागरिकांना आणि पीआरना आहे. तिची काही चूक नव्हती. तिने त्याला एक कापडी पिशवी आणि एक पेन दिलं. पद्माकर पिशवी घेऊन घरी आला आणि ती दाराशीच टाकून दिली.

वर्ग दुपारी एकला, म्हणजे जालन्यात साडेदहाला. पडद्यावर अठरा चौकटी. कंपनीचा हुकूम होता की सगळं इंग्रजीत शिकवायचं आणि सगळं रेकॉर्ड करायचं, कारण ग्राहक इंग्रजी बोलणारे. आता गंमत बघा. शिकवणारा सदाशिव पेठेत वाढलेला, शिकणारे जालना, भोकरदन, अंबड, परतूरचे. एकूण एकोणीस माणसं, सगळी मराठी, आणि एकोणीसच्या एकोणीस जण एकमेकांशी तोडकंमोडकं इंग्रजी झाडत बसलेली. हे फक्त आपल्याकडेच घडू शकतं. तमिळ माणसाने तिसऱ्या मिनिटाला तमिळ सुरू केलं असतं. पद्माकर तासभर घसा कोरडा करून विचारायचा, क्लिअर? अठरा चौकटींतून यायचं, येस सर. शाळेत पहिलीपासून शिकवलेलं उत्तर ते. मास्तरांनी समजलं का विचारलं की समजलं म्हणायचं, नाहीतर मास्तर पुन्हा समजावतात आणि आपण सगळ्यांसमोर ढ ठरतो.

एप्रिलअखेर सराव परीक्षा झाली. अठरापैकी चार पास. रुचिरने काळजीची मेल पाठवली.

पद्माकरला काय वाटलं? त्याला बरं वाटलं. खोटं कशाला बोला. मेल वाचल्यावर तो खाली हॉकर सेंटरमध्ये, तिथल्या खाऊगल्लीत जाऊन शांतपणे कॉफी प्यायला, आणि दोन महिन्यांत पहिल्यांदा त्याला कॉफीची चव लागली. घरी सांगितलं तेव्हा नीताने एवढंच विचारलं, "म्हणजे नोव्हेंबर निघतो?" तो म्हणाला, निघतो असं दिसतंय. तिने दुसऱ्याच दिवशी घरमालकाला फोन करून फ्लॅटचा करार डिसेंबरपर्यंत वाढवता येईल का विचारलं.

आणि यातलं सगळ्यात वाईट असं, की मुलं नापास का होताहेत हे पद्माकरला माहीत होतं. तिसऱ्याच दिवशी कुणाचा तरी माइक चालू राहिला होता. एक मुलगा शेजारच्याला सांगत होता, "आरं, म्हंजी डब्यात माल एक आन् कागदावर दुसराच." पद्माकरने ज्यावर चाळीस मिनिटं आणि अकरा स्लाइड घालवल्या होत्या ते त्या पोराने एका वाक्यात मोकळं केलं होतं. ऐकून तो गप्प बसला. आठ आठवडे गप्प बसला. हुकूम इंग्रजीचा आहे, मी काय करणार, असं स्वतःला सांगत राहिला. नीतापाशी तर तो म्हणाला की या मुलांत दमच नाही. ज्याला खोटा कागद चालत नाही त्या माणसाने हा एवढा मोठा खोटा कागद स्वतःच्या हाताने पुढे सरकवला.

मग सराव परीक्षेचे पेपर त्याच्याकडे आले. तपासायचे त्यालाच होते. सातव्या प्रश्नात त्याने एक खराखुरा जुना कागद नावं बदलून दिला होता. वीस फुटी कंटेनर, माल सोलायच्या आधीचं सूर्यफुलाचं बी, वजन चोवीस टन. त्यात बंदराचं नाव दोन ठिकाणी वेगळं होतं, ती चूक शोधायची होती. दीक्षा खरात नावाच्या मुलीने बंदर सोडून भलत्याच जागी खूण केली होती, वजनावर. कारण लिहायच्या जागेत काहीच नाही. पद्माकरने फुली मारली आणि पुढचा पेपर घेतला. तो अर्धा झाल्यावर त्याचा हात थांबला. त्याने पुन्हा सातवा प्रश्न काढला आणि न वाचता नुसता न्याहाळला.

दुसऱ्या दिवशी वर्गाच्या आधी त्याने दीक्षाला कॉल केला. ती घाबरलेली होती. सॉरी सर, बाय मिस्टेक सर, असं काहीतरी पुटपुटली.

"मराठीत सांग," पद्माकर म्हणाला. "वजनावर खूण का केलीस?"

मग ती बोलायला लागली आणि थांबेचना. "सर, सूर्यफुलाचं पोतं दिसायलाच मोठं असतंय. ज्या पोत्यात ज्वारी पन्नास किलो बसती, त्यात सूर्यफूल पंचवीसच्या वर जात न्हाई. तेवढ्या डब्यात चोवीस टन कसं बसंल? बारा-तेरा बसंल. त्यात दुसरंच कायतरी भरलंय, सर."

ती दोन हंगाम एका बियाण्याच्या कंपनीत रोजंदारीवर पोती भरायला होती. बी. कॉम. झाल्यावर. वडील सळयांच्या कारखान्यात होते, हात भाजल्यापासून घरी. आई शाळेत पोरांची खिचडी शिजवते. हे तिने विचारल्यावर सांगितलं, रडगाणं म्हणून नाही. पद्माकरचं त्याकडे अर्धंच लक्ष होतं, कारण दुसरी एक गोष्ट त्याला झोंबत होती. तो कागद तीन वर्षांपूर्वी त्याच्याच हाताखालून गेला होता. त्याने बंदराचं नाव दुरुस्त करून घेतलं होतं आणि स्वतःच्या नजरेवर खूश झाला होता. चोवीस टन त्याला दिसले नव्हते. त्या कंटेनरमध्ये काय गेलं ते आता देवालाच ठाऊक.

"हे लिहिलं का नाहीस पेपरात?" त्याने विचारलं. आवाज चढला होता.

"सर, आम्हाला येतंय," दीक्षा म्हणाली. "सांगता येत न्हाई."

त्या दुपारी पद्माकरने रेकॉर्डिंगचं बटण दाबलं नाही. पहिला अर्धा तास मराठी. आज आपण जुने कागद बघू, म्हणाला, आणि ज्याने आयुष्यात ज्याचं पोतं उचललंय त्याने ते सांगायचं. कुणी मोसंबीचं सांगितलं, कुणी सळयांचं, रोहन नावाचा एक मुलगा वडिलांच्या टेम्पोत वजनकाट्यावर काय काय चालतं ते इतकं रंगवून सांगायला लागला की त्याला थांबवावं लागलं. मग पद्माकरने त्यांना सांगितलं की या धंद्याला शेक्सपिअरचं इंग्रजी लागत नाही, चाळीस वाक्यं लागतात. ती चाळीस त्याने लिहून दिली आणि पाढ्यांसारखी पाठ करून घेतली. अर्ध्या तासानंतरच्या स्लाइड इंग्रजीत, रेकॉर्डिंगसकट. आठवड्याभरात चौकटींतून प्रश्न यायला लागले, आणि येस सर कमी झालं.

हा त्याग वगैरे नव्हता, बरं का. त्याग करणारा माणूस आधी विचार करतो. ही खोड होती. वाईट शिकवणं त्याला दोन महिने अंगावर पुरळ उठावं तसं खाजत होतं, आणि त्या मुलीने नेमकं तिथेच बोट ठेवलं.

आठवड्यातून दोन दिवस तो घरून काम करायचा. अशाच एका दिवशी नीता स्वयंपाकघरातून ऐकत होती. आत तिचा नवरा हसत होता, कामाच्या वेळी, कितीतरी महिन्यांनी. वर्ग संपल्यावर तिने विचारलं, तू त्यांना मराठीत शिकवतोयस का? तो हो म्हणाला.

"मग ते पास होतील."

"होतील."

नीताने गॅस बंद केला. "आणि अनुया?"

यावर तो जे बोलला त्याला उत्तर म्हणत नाहीत. मुलं गुणी आहेत, कुणाचे वडील घरी बसलेत, असलं काहीतरी. नीता म्हणाली, "शहाणपण तुला जूनच्या परीक्षेनंतर सुचलं असतं तर त्या पोरांचं काय बिघडलं असतं?" बिघडलं असतं, ती घरी गेली असती, हे दोघांनाही माहीत होतं. पण नीताचंही चूक नव्हतं. तिने पुण्यातली बँकेतली नोकरी सोडून सतरा वर्षं या पासांच्या तारखांवर संसार केला होता, आणि आता एक तारीख हातात आली होती ती हा माणूस फुकट वाटत होता. ती आठ दिवस त्याच्याशी कामापुरतंच बोलली.

तिचं ऐकून त्याने प्रयत्न केला, हेही सांगितलं पाहिजे. मे महिन्याच्या एका सोमवारी तो पुन्हा पूर्ण इंग्रजीवर गेला. अकरा स्लाइड, क्लिअर, येस सर. बुधवारी रोहनने विचारलं, "सर, तब्येत बरी न्हाई का?" पद्माकर त्याच्यावर विनाकारण खेकसला. गुरुवारी तो मराठीवर परत आला आणि स्वतःवर इतका चिडला की संध्याकाळी सेंगकांगला उतरायचं राहिलं, ते पुढचं स्टेशन आल्यावर त्याच्या लक्षात आलं.

जूनमध्ये परीक्षा झाली. अठरापैकी सोळा पास.

रुचिर आनंदाने वेडा व्हायचा बाकी होता. त्याने वरच्या साहेबांपुढे जालन्याच्या मुलांचे फोटो दाखवले, असाच प्रयोग आणखी दोन देशांत करायचं ठरलं. पद्माकर त्याच्या खोलीत गेला आणि सरळ म्हणाला की मला ऑगस्टऐवजी नोव्हेंबरअखेर सोडा. तीन महिने. मुलीची परीक्षा आहे. वाटल्यास कुठल्याही कामाला लावा. रुचिरने मनापासून प्रयत्न केला, दोन ठिकाणी फोनही केले. मग पडल्या चेहऱ्याने म्हणाला, तारीख निकालाशी जोडलेली आहे, ती वरून ठरलीय.

"तुम्ही फारच छान शिकवलंत, पद्माकर," तो म्हणाला. "तीच अडचण झाली."

पद्माकरने विचारलं, मग जालन्यालाच शिकवायला पाठवा. पुण्यात भाऊ आहे, मी तिथून जाईन-येईन. त्या जागेला वयाची अट होती, पस्तिशीच्या आतली. रुचिरने एक मात्र विचारलं, की जायच्या आधी तो मराठीतला अर्धा तास रेकॉर्ड करून देता येईल का. पुढच्या बॅचला उपयोगी पडेल. म्हणजे त्याला सगळं माहीत होतं. पद्माकर उठून बाहेर आला.

घरी गणितं नव्याने मांडली. अनुयाला विद्यार्थ्याचा पास मिळाला, आई म्हणून नीताला तिच्याबरोबर राहता येत होतं. फ्लॅट परवडणार नव्हता. सेरंगूनला एका मराठी कुटुंबाने एक खोली देऊ केली, स्वयंपाकघर वाटून, रात्री आठनंतर गॅस लावायचा नाही. पद्माकर पुण्याला भावाकडे जाणार आणि तिथे काम शोधणार, एकावन्नाव्या वर्षी. अनुयाला सांगताना त्याने बरंच मनाशी घोकून ठेवलं होतं. ती पूर्ण ऐकूनही घेईना. "इट्स ओके लाह, बाबा. थ्री मंथ्स ओन्ली," असं अस्सल सिंगापुरी थाटात म्हणून तिने त्याच्या खांद्यावर थोपटलं आणि पुन्हा पुस्तकात डोकं घातलं. बापाला पोरीने धीर द्यावा याचा त्याला फार राग आला. कुणावर काढावा ते कळेना. त्या संध्याकाळी त्याने तिच्या पुस्तकांची खोकी बांधली आणि प्रत्येक खोक्यावर आत काय आहे ते अक्षर न अक्षर खरं लिहिलं.

ऑगस्टमधला शेवटचा वर्ग. आता जालन्याची मुलं खरं काम करत होती, वर्ग नावापुरताच होता. त्यांनी भाषणं केली. सर आता आणखी मोठ्या हुद्द्यावर जाणार असं ती धरूनच चालली होती. सिंगापूरला असलेला माणूस खाली कशाला येईल? रोहनने तर सरांच्या नव्या ऑफिसचा फोटो पाठवा म्हणून सांगितलं. पद्माकरने बरं म्हटलं. एकेक चौकट बंद होत गेली. दीक्षाची राहिली.

"सर, आज सकाळी मेल आली," ती म्हणाली. "सिंगापूरचा विभाग बंद झाला म्हणून. तुमचं नाव हाये त्यात."

पद्माकर हो म्हणाला.

"आमच्यामुळं का, सर?"

अशा वेळी आपल्याकडे ठरलेलं उत्तर असतं. छे गं, तसं काही नाही, तू नको मनाला लावून घेऊ. कुठल्याही काकाने, कुठल्याही मास्तराने तेच दिलं असतं. पद्माकरच्याही ते ओठांवर आलं होतं. पण तिने कागद वाचला होता, आणि कागद बरोबर वाचणाऱ्याला चूक ठरवणं त्याच्याने झालं नाही.

"हो," तो म्हणाला. "तुम्ही पास झालात म्हणून."

दीक्षाच्या मागे कुणीतरी खुर्च्या उचलत होतं.

"हे तुम्हाला आधी माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून." मग तिचा चेहरा पाहून तो चिडल्यासारखा म्हणाला, "रडू नकोस. तुम्ही काही चोरलेलं नाही. आणि ऐक. पाच वर्षांनी, सात वर्षांनी तुलाही एक दिवस बोलावतील आणि कुणाला तरी शिकवायला सांगतील. जालन्यापेक्षा स्वस्त गाव कुठेतरी असतंच. तेव्हा नीट शिकव. येस सर ऐकून पुढे जाऊ नकोस."

दीक्षाने डोळे पुसले. ती हिशोबाची मुलगी होती, तिने लगेच पुढचं विचारलं.

"आणि तेव्हा माझं काय होईल, सर?"

नवीन शिक, जग मोठं आहे, काहीतरी मिळतंच, हे सगळं रुचिरने पद्माकरला सांगून झालं होतं आणि सेरंगूनच्या त्या हसऱ्या मुलीनेही. त्यातलं एकही वाक्य त्याला स्वतःच्या तोंडून बोलवेना.

"ते मला माहीत नाही," तो म्हणाला. ती आणखी काही विचारील म्हणून तो थांबला. तिकडे जालन्यात कुणीतरी तिला जेवायला हाक मारली, तरी तिने चौकट बंद केली नाही.